देवीला वाहिलेले हातमोजे

आमच्या ह्यांचा चेहरा मी नीट पाहिला तो लग्नानंतर चार-पाच दिवसांनी. हात मात्र लग्नातच पाहिले. कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्या सुमाराची गोष्ट. नवरीची मान खाली, त्यामुळे तिला दिसतं ते सगळं जमिनीलगतचं. माझ्या डोळ्यांसमोर आजही तेवढंच आहे: पाट, हळदीच्या पाण्याची परात, ओळखीची-अनोळखी पावलं, आणि माझ्या मनगटावरचं काकण सोडायला पुढे आलेला एक हात.

काकण नवऱ्यानं एका हातानं सोडायचं असतं. आमच्या माहेरच्या, गारगोटीच्या बायका ह्या बाबतीत महाखट. मावशीनं त्या हळकुंडाच्या दोऱ्याला गाठीवर गाठी मारून ठेवल्या होत्या. हात जवळ आला आणि मी दचकले. तर्जनी एकीकडे झुकलेली, मधलं बोट दुसरीकडे, करंगळी मध्येच वळलेली, आणि पेरं इतकी सुजट की अंगठी दुसऱ्या सांध्याशीच अडकून बसलेली. नवरदेवाला बोटं आहेत की आल्याचं कांडं, असं कुणीतरी म्हणालं आणि बायकांत हसू पिकलं. हात मात्र घाबरला नाही की घाई केली नाही. अंधारात काडेपेटी शोधावी तसा तो गाठ चाचपत राहिला. मला त्या हाताची दया आली, की तो आवडला, ते तेव्हा कळलं नाही. पदराच्या आडून मी दुसऱ्या हाताच्या नखानं गाठ सैल करून दिली. काकण सुटलं, वाजंत्री वाजली, आणि ह्यांना काही कळलं नाही असं मी धरून चालले.

ह्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. उखाण्यापलीकडे नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, आणि आता कागदावरही हात वळत नाही. पेठेत तरी नावानं कोण ओळखत होतं? सगळे 'कीपर' म्हणत. आमची पेठ तालमीची. पोरं मातीत घुमायची नाहीतर फुटबॉलमागं पळायची. क्रिकेट म्हणजे राजवाड्याकडून उतरत आलेला खेळ. पण एकदा पेठेत उतरला म्हटल्यावर तोही कुस्तीसारखाच ईर्ष्येचा झाला. हे स्टंपांमागं उभे राहायचे. पोटासाठी छापखान्यात खिळे जुळवायचे. डाव्या हातात लोखंडी पट्टी धरायची आणि उजव्या हाताच्या चिमटीनं एकेक अक्षराचा खिळा उचलून तीत लावत जायचं, ओळीमागून ओळ, दिवसभर. म्हणजे सकाळी ज्या बोटांवर चेंडू घ्यायचा, त्याच बोटांनी दहा वाजल्यापासून अनुस्वार उचलायचे. असला संसार देवानं कुणाच्या कपाळी लिहू नये असं मला त्या काळी रोज वाटायचं.

सराव पहाटे असायचा. मैदान आमच्या घरामागं, मध्ये एक बोळ आणि कडुलिंबाचं झाड. थंडीत नदीकडून धुकं यायचं आणि मैदान त्यात बुडून जायचं. मी अर्धवट झोपेत असायची. काहीच दिसायचं नाही, नुसता आवाज. आधी खेळपट्टीवरच्या काथ्याच्या मॅटिंगवर चेंडू पडल्याचा, मग क्षणभर काही नाही, मग हातमोज्यात तो विसावल्याचा. टप्प. तो आवाज आला की माझा श्वास पुढे चालायचा. अजूनही पहाटे कुठे कपडे आपटल्याचा आवाज आला की मी डोळे न उघडता पुढच्या आवाजाची वाट बघते. कधीकधी तो येतोसुद्धा.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, हंगामाच्या अगदी शेवटी, एक चेंडू मॅटिंगच्या खिळ्यावर पडून उसळला आणि उजव्या तर्जनीवर बसला. वस्तादांनी बोट ओढून, हळदीचा लेप देऊन, बांबूच्या काडीत बांधलं. तालमीत हेच औषध सगळ्याला. चार दिवसांनी बोट वांग्यासारखं झालं. छापखान्याचे मालक भले गृहस्थ, पण छापखाना म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. त्यांनी सरळ सांगितलं, की पावसाळाभर वाट बघतो. बोट वळलं तर जागा तुमची. नाही वळलं तर दुसरा माणूस बघावा लागेल, आणि वळून पुन्हा खेळात मोडलंत तरी तेच.

सासूबाई देव्हाऱ्यापुढं बसल्या. मी ह्यांना मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथले अमेरिकन डॉक्टर म्हातारे होते. उभी हयात कोल्हापुरात गेलेली, त्यात दवाखान्यात येणार ते खेड्यापाड्यातले लोक, त्यामुळे त्यांची मराठी ऐकली की पन्हाळ्याच्या पायथ्याचा माणूस बोलतोय असं वाटायचं. त्यांनी ह्यांचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, उलटे केले, पुन्हा पालथे केले. मोडलेल्या बोटाकडे बघायचं सोडून बाकीच्या नऊ बोटांकडेच बघत बसले. मग म्हणाले,

"पावणं, ही बोटं माज्या वळकीची हायत."

बोट पट्टीत बांधून त्यांनी आम्हांला पुढच्या खेपेला थांबायला सांगितलं, आणि त्या खेपेला घरून एक फोटो आणला. जाड पुठ्ठ्याचा, चहासारख्या रंगाचा. मिशाळ माणसांची एक ओळ, पुढे बटणं लावलेल्या जाड बंड्या, सगळ्यांचे हात छातीशी घडी घातलेले. एकाचेच हात मांडीवर उघडे होते. डॉक्टर म्हणाले, हा माझा आजा. मी हात पाहिले. खोटं कशाला बोलू, तेच काकण सोडणारे हात, फक्त गोऱ्या माणसाचे.

मग त्यांनी आज्याची हकिकत सांगितली. बाहेर उन्हात रोगी झाडाखाली बसलेले, आत कार्बोलिकचा वास, आणि डॉक्टर पंख्याखाली डोळे मिटून बोलतायत. मला ती दुपार आता घडल्यासारखी न वाटता पडल्यासारखी वाटते, स्वप्न पडतं तशी. त्यांच्या देशात बेसबॉल म्हणून खेळ आहे, विटीदांडू आणि क्रिकेट ह्यांचा लांबचा भाऊ. त्यातही दांडकेवाल्याच्या मागं एकजण चेंडू धरायला असतो. हा आजा पोरवयात बुटांच्या कारखान्यात होता. कुणीतरी त्याला रस्त्यात चेंडू झेलताना पाहिलं आणि पगारावर खेळायला नेलं. तेव्हा हातमोजे नव्हतेच. आधी हे लोक लांब उभे राहून टप्पा पडलेला चेंडू धरायचे. पण लांबून धरल्यावर पळणारा गडी सुटतो, म्हणून आजा जवळ सरकत गेला. दांडक्याच्या इतका जवळ, की फलंदाजाचा श्वास ऐकू यायचा. आगगाडीनं गावोगाव जायचं, दुपारी खेळायचं, संध्याकाळी बोटं गार पाण्याच्या बादलीत बुडवून बसायचं. लोक त्याला बघायला यायचे. शहराशहरांतली पोरं त्याच्यासारखं वाकून बसायची. बोट मोडलं तर शेजारच्या बोटाला बांधून दुसऱ्या दिवशी उभा.

मग हातमोजे निघाले. नवी पोरं पातळ कातड्याचे मोजे घालून यायला लागली आणि आजा त्यांना हसला. बाईमाणसाचं काम म्हणाला. एके वर्षी चेंडू त्याच्या हातातून निसटायला लागले, दुसऱ्या वर्षी त्याला कुणी बोलावलं नाही. घोड्यांच्या ट्रामवर तिकीट फाडायला लागला, तर नाणी उचलता येईनात. मग घरीच बसला.

एवढं होईपर्यंत आमचे हे पुढे वाकून, तोंड उघडं टाकून ऐकत होते. डॉक्टरांनी डोळे उघडले आणि शेवटचं सांगितलं. आजा तेव्हा म्हातारासुद्धा नव्हता. पण त्याच्या शर्टाची बटणं रोज सकाळी नातू लावायचा, म्हणजे हे डॉक्टर, शाळेत जायच्या आधी. आजा तेवढा वेळ छताकडे बघत बसायचा. आमच्या ह्यांच्या बोटाला परत मार लागला तर ते वळणार नाही, हे सांगायला त्यांनी एवढी लांबण लावली होती.

मला वाटलं, चला, कान टोचले ते सोनारानं टोचले. बोळातून येताना हे म्हणाले,

"म्हंजे, बिनमोज्याचं बी धरत्यात की."

त्या माणसानं अर्धीच गोष्ट ऐकली होती. निदान मला तसं वाटलं, आणि मी तिथेच बोळात ह्यांच्यावर तोंड सोडलं.

इकडे सासूबाईंनी टेकडीवरच्या टेंबलाई देवीला नवस बोलून ठेवला होता. पोराचं बोट वळू दे, त्याचे हातमोजे तुझ्या पायाशी आणून ठेवते, पुन्हा त्याच्या हाताला मोजा लागणार नाही. आषाढात बोट वळायला लागलं. पहिल्यांदा त्या बोटानं भाकरीचा तुकडा मोडला तेव्हा सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. छापखान्यातली जागाही परत मिळाली. नदीला नवं पाणी आलं, पेठेतून ते देवीला घालायला घागरी डोक्यावर घेऊन बाया निघाल्या, पुढे पिपाणी-ढोलाचं पी ढबाक वाजतंय, आणि त्यात सासूबाईंच्या घागरीवर ते दोन हातमोजे, हळदकुंकू लावलेले. टेकडी चढताना भुरभुर पाऊस, समोरचं काही धड दिसत नव्हतं. पायरीवर पाणी ओतलं. गुरवाला ते मोजे कुठे ठेवावेत कळेना. नारळ असता तर फोडला असता, लुगडं असतं तर नेसवलं असतं. शेवटी त्यानं ते सभामंडपातल्या खुंटीला अडकवले. हे मुकाट्यानं सगळं बघत होते. खेळ संपला असं आम्ही दोघी सासवासुना समजलो. आयुष्यात आमचं एकमत झालं ते बहुधा तेवढंच.

दिवाळी झाली, मॅटिंग बाहेर पडलं. पहाटे धुक्यातून आवाज आला. पण तो आधीचा नव्हता. मऊ नव्हता. मांसावर बसल्याचा होता. मी उठून परसात गेले तर हे नुसत्या हातांनी चेंडू घेत होते. तुरटीच्या पाण्यात हात भिजवून भिजवून आठवडाभर घट्ट केले होते म्हणे. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. देवाला तरी भ्या, मी म्हणाले. ह्यांनी हात पुसत शांतपणे सांगितलं,

"देवीला मोजे दिल्यात. हात न्हाय दिलं."

आणि नवसाच्या शब्दाला कुठेच बाध नव्हता. मोजे खुंटीवर होते, हाताला मोजा लागलेला नव्हता. सासूबाई तणतणत पाण्याला निघून गेल्या.

मग त्या हिवाळ्यात जे झालं ते कोल्हापुरातच व्हावं. बिनमोज्याचा कीपर म्हणून बोलबाला झाला. वडगावहून, आजऱ्याहून माणसं बघायला यायला लागली. मोजे देवीकडे आहेत, म्हणजे चेंडू देवीच धरते, हा लोकांचा हिशेब. हे बाजारात गेले तर म्हाताऱ्या ह्यांचे हात हातात घेऊन कपाळाला लावायच्या. सासूबाईंची जीभही हळूहळू फिरली. नवस माझाच, असं त्या पाण्यावर सांगू लागल्या. मी मात्र रोज रात्री तीळतेलानं ते पंजे चोळताना प्रत्येक पेर दाबून बघायची. तर्जनी अजून वळत होती. मला दिवस गेले होते. छापखान्याच्या मालकांचा शब्द मी विसरले नव्हते, आणि ह्यांना आठवतो की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

हंगामाची शेवटची मॅच शेजारच्या पेठेशी. पहिलटकरणीनं माहेरी जायचं म्हणून वडील गारगोटीहून दोनदा येऊन गेले, पण मी हलले नाही. मैदानाकडेच्या एका माडीवर आम्ही बायका बसलो होतो. ऊन असं, की मैदानावरची माणसं पाण्यात उभी असल्यासारखी हलत होती. गर्दीचा गलका लांबून यायचा आणि माझे डोळे जडावायचे. मध्येच ह्यांनी एक झेल घेतला, मग आणखी एक, नुसत्या हातांनी, आणि टोप्या हवेत उडाल्या. शेवटी शेजारच्या पेठेचा शेवटचा गडी खेळत होता आणि त्यांना थोड्याच धावा हव्या होत्या. आमचा एक उंच, धिप्पाड पैलवान गोलंदाज लांबून पळत आला.

चेंडू उसळला, बॅटीला निसटता लागला आणि ह्यांच्या छातीकडे आला. पोरासोरानं धरावा असा. ह्यांचे हात वर आले. मी पाहिलं. हात वर आले, एकमेकांजवळ आले, आणि मग उघडले. हे बाजूला झाले. चेंडू खांद्यावरून गेला, लोकांच्या पायात शिरला. चार धावा, आणि मॅच गेली.

मग शेजारच्या पेठेची हलगी सुरू झाली.

आमच्या पेठेनं ह्यांना ते कधी विसरू दिलं नाही. विकला गेला म्हणणारे निघाले. देवी रुसली म्हणणारे जास्त. वस्तादांनी रस्ता बदलला. सासूबाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी टेंबलाईला खण-नारळ नेला. त्यांचं म्हणणं, देवीनंच पोराचे हात धरून बाजूला केले. त्या जाईपर्यंत हेच सांगत राहिल्या. हे सोमवारी दहा वाजता छापखान्यात गेले आणि पुन्हा मैदानात उतरले नाहीत. त्या हातांना करमत नव्हतं. जेवताना सुद्धा ओंजळ धरून बसायचे. मला फार वाईट वाटायचं, आणि त्याहून जास्त बरं वाटायचं.

मी कारण विचारलं नाही. मला ते ठाऊकच होतं. चेंडू यायच्या आधी ह्यांनी माडीकडे पाहिलं होतं अशी माझी खात्री होती. सोडला तो माझ्यासाठी, माझ्या पोटातल्या जिवासाठी. सासूबाईंची देवी त्यांच्यापाशी, माझी समजूत माझ्यापाशी. त्यावर मी कितीतरी वर्षं सुखानं काढली.

मुलगी झाली, शाळेत जायला लागली. तिची वेणी हे घालायचे. ती माझ्याकडे येतच नसे, मी ओढते म्हणून. वाकड्या बोटांनी तीन पेड असे घट्ट नि मऊ बसायचे की संध्याकाळपर्यंत एक केस निघत नसे. त्याच सुमारास कळलं, डॉक्टर कायमचे अमेरिकेला चाललेत. आम्ही तिघं भेटायला गेलो. खोली रिकामी, ट्रंका बांधलेल्या, भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. डॉक्टर खूप वाळले होते. त्यांनी ह्यांना लगेच ओळखलं, म्हणजे हातांना ओळखलं. तर्जनी वळवून बघितली आणि परत खेळलात का म्हणून विचारलं.

हे म्हणाले, एक हिवाळा खेळलो, बिनमोज्याचं. डॉक्टरांचा चेहरा पडला. मग ह्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"शेवटचा चेंडू आला तवा हात वर गेलंतं. आन् मधीच तुमचा आज्जा दिसला. छताकडं बघत बसलेला. मग सोडला."

डॉक्टरांनी ह्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, बराच वेळ. मुलगी कंटाळून माझा पदर ओढायला लागली तेव्हा सोडला.

बाहेर आलो तशी मी रागानं पुढे चालायला लागले. एवढी वर्षं एका ताटात जेवलो, आणि ही गोष्ट त्या परक्या माणसाला आधी. बरं, गोष्टीत मी नव्हतेच. तिथे एक मेलेला गोरा म्हातारा बसला होता. रंकाळ्याच्या रस्त्याला लागल्यावर मी म्हणाले, आम्हांला सांगितलं असतं तर जीभ झिजली असती का. हे म्हणाले, तू कधी विचारलंस. ते खरं होतं, म्हणून राग आणखी वाढला. थोडं चाललो. तळ्यावर दुपारचं पाणी अगदी स्वस्थ होतं. मग हे माझ्याकडे न बघता म्हणाले,

"लग्नात काकण म्या न्हाय सोडलं. तू सोडलं हुतंस. नखानं."

मी जागच्या जागी थांबले.

"तेवढं एकदा बास हाय म्हटलं. रोज बटनं लावून घ्यायची न्हवती तुझ्याकडनं."

डोळे भरून आले आणि तळं, रस्ता, माणसं सगळं एकमेकांत मिसळून गेलं. मुलीच्या वेणीची फीत सुटून लोंबत होती. हे भर रस्त्यात उकिडवे बसले, स्टंपांमागं बसायचे तसे, आणि ती बांधू लागले.